स्टॅटचा पेपर पास झाला, तरी 'संशोधनाची' बातमी का कळत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला की नाही ते तुम्हाला कळेल. वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. दोन महिन्यांपासून ते रोज सकाळी भिजवलेल्या मेथीचं पाणी पितात, साखर उतरली म्हणतात आणि आता गोळी बंद करायच्या गोष्टी करतात. भावाने मेथीबद्दल 'संशोधनातून सिद्ध' अशा मथळ्याची बातमी पाठवली. तुम्ही बी.कॉम., स्टॅटला चांगले मार्क होते, पण ती बातमी खरी धरायची की नाही हे तुम्हाला ठरवता आलं नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की पुन्हा संख्याशास्त्र शिकलं तर असे दावे पारखता येतील का, की ते तज्ज्ञांवरच सोडावं.

येतील. पण बी.कॉम.ला जे शिकलात तेच पुन्हा शिकून येणार नाहीत.

मी २६ वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागात बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे वैद्यकातलं संख्याशास्त्र, शिकवते. थिसिस जमा करायचे दिवस आले की एमडी-एमएसचे निवासी डॉक्टर एक्सेल शीट घेऊन रांगेने येतात आणि म्हणतात, "मॅडम, पी व्हॅल्यू तेवढी काढून द्या." (पी व्हॅल्यू म्हणजे खरा परिणाम नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) ही मुलं हुशार आहेत, बायोस्टॅटचे प्रश्न सोडवून पास झालेली आहेत. मी त्यांना विचारते, "यातले रुग्ण कसे निवडलेस? किती जण मधेच सोडून गेले? ज्यांना हे औषध दिलं नाही त्यांचं काय झालं?" यावर बऱ्याच जणांकडे उत्तर नसतं, कारण हे प्रश्न संख्याशास्त्राचे आहेत हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुमचंही तेच झालं असावं. मध्य, मध्यगा, बहुलक, प्रमाण विचलन, कार्ल पिअर्सनचा सहसंबंध गुणक, लास्पेअर आणि पाशेचे निर्देशांक हे सगळं तुम्ही सोडवलंत. मात्र प्रश्नपत्रिकेत तक्ता तयार यायचा. तो कुणी भरला, कुणाला मोजलं, कुणाला वगळलं हे कधी विचारलं गेलं नाही. बातमी वाचताना नेमकं तेच विचारावं लागतं.

शिकवल्याने खरंच फरक पडतो का, हेही लोकांनी तपासलं आहे. अमेरिकेत १९८८ साली लेहमन, लेम्पर्ट आणि निस्बेट यांनी वेगवेगळ्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रोजच्या आयुष्यातले संख्याशास्त्रीय प्रश्न दिले. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची विचार करण्याची पद्धत शिक्षणादरम्यान बरीच सुधारली, वैद्यकीय विद्यार्थ्यांचीही सुधारली, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची जवळजवळ नाही. आता रसायनशास्त्राला गणित कमी असतं असं कुणी म्हणणार नाही. पण मानसशास्त्रात आणि वैद्यकात माणसं मोजावी लागतात. माणसं एकसारखी नसतात आणि मोजमाप सारखं डगमगतं, त्यामुळे 'कशाशी तुलना' हा प्रश्न तिथे टाळता येत नाही.

दुसरा पुरावा मला जास्त जवळचा वाटतो. युगांडात १२० प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. कोणत्या शाळेत नवे धडे शिकवायचे आणि कोणत्या शाळेत नेहमीचाच अभ्यासक्रम ठेवायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. दहा हजारांहून जास्त मुलं होती. नऊ तास झाले, प्रत्येक तास ८० मिनिटांचा, आणि पुस्तक चित्रकथेचं. त्या कथेत एका मुलाचा हात भाजतो आणि त्याला शेण लावायचा सल्ला मिळतो. तिथून मुलं शिकत जातात की 'अमक्याला गुण आला' एवढ्यावरून उपचार चांगला ठरत नाही. २०१७ साली निकाल छापून आला. धडे मिळालेल्या शाळांतली ६९ टक्के मुलं चाचणीत उत्तीर्ण झाली, बाकीच्या शाळांतली २७ टक्के. वर्षभरानंतरही पहिल्या गटातली मुलं पुढेच होती. एकही सूत्र न शिकवता प्राथमिक शाळेतल्या मुलांना हे जमलं, तर तुम्हाला न जमायला काही कारण नाही.

आता तुमच्या घरच्या मेथीकडे येते.

वडिलांनी मेथी सुरू केली तो दिवस आठवून बघा. बहुतेक घरांत असा उपाय सुरू होतो तो रिपोर्ट खूप वाईट आल्यावर. रिपोर्ट बरा असेल तेव्हा पहाटे उठून मेथी कोण भिजवतो? आणि साखर तर रोज बदलते. आदल्या रात्री जेवायला उशीर झाला, झोप नीट झाली नाही, सर्दी-ताप झाला की आकडा हलतो. मोजणारं यंत्रही थोडं हलतं. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी साखर १५० असेल तर चांगल्या यंत्रावरही साधारण १२८ ते १७२ मधला कोणताही आकडा दिसू शकतो. ज्या दिवशी आकडा सगळ्यात वर गेला त्या दिवसापासून तुम्ही काहीही सुरू करा, मेथी घ्या, कारलं घ्या किंवा नुसतं कोमट पाणी प्या, पुढचा आकडा बहुधा खालीच येणार. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. मेथीने काही केलं असेल किंवा नसेलही, पण 'आधी जास्त, नंतर कमी' एवढ्यावरून ते कळत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एका आश्रमशाळेतल्या मुलींचं हिमोग्लोबिन आम्ही तपासलं. तेव्हा साहलीच्या पद्धतीने, नळीतला रंग डोळ्यांनी जुळवून, मोजायचे. ज्यांचं सगळ्यात कमी आलं त्या मुलींना तीन महिने गूळ-शेंगदाण्याचे लाडू दिले. पुन्हा रक्त तपासलं तर सरासरी चांगली वाढलेली. मी टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक पारखायची चाचणी, केली, पी व्हॅल्यू अगदी छोटी आली, आणि अहवाल लिहून माझ्या वरिष्ठ प्राध्यापकांकडे नेला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि एवढंच विचारलं, "ज्यांचं कमी होतं पण ज्यांना लाडू मिळाले नाहीत अशा कुणी मुली आहेत का?" होत्या. वाटप सुरू झालं तेव्हा सुट्टीवर असलेल्या काही मुली यादीतून सुटल्या होत्या. त्यांचं रक्त तपासलं तर त्यांचीही सरासरी वाढलेली निघाली. पहिल्या तपासणीत ज्यांचा आकडा तळाला गेला होता, त्यांतल्या काहींचं रक्त खरंच कमी होतं, पण काहींच्या वाट्याला त्या दिवशीची मोजणीतली चूक आली होती. दुसऱ्या खेपेला ती चूक पुन्हा त्यांच्याच वाट्याला येण्याचं कारण नव्हतं. लाडू वाईट नव्हते, त्या मुलींना ते मिळायलाच हवे होते. पण मी जे सिद्ध झालं म्हणून लिहिलं होतं, ते सिद्ध झालेलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गाचा पहिला तास त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाने सुरू होतो.

पुढचा प्रश्न असा की मेथी पितं कोण. ज्या माणसाला रोज सकाळी मेथी भिजवायची आठवण राहते तो फिरायलाही जातो, चहातली साखर सोडतो, गोळीही वेळेवर घेतो. मग साखर कशाने उतरली? ही अडचण मोठमोठ्या संशोधकांनाही आली आहे. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या निरीक्षण-अभ्यासांत वर्षानुवर्षं दिसत होतं. पण त्या गोळ्या घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, जास्त सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. मग १६,६०८ बायकांमध्ये, कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी हे नशिबावर सोपवून, चाचणी केली. जुलै २००२ मध्ये ती वेळेआधीच थांबवावी लागली. हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी थोडा जास्तच निघाला, दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३७. स्तनाचा कर्करोगही वाढलेला दिसला. गोळ्या कोणत्या वयात सुरू करता यावर धोका बराच अवलंबून असतो हे पुढच्या विश्लेषणांतून समोर आलं, तेव्हा आजचे डॉक्टर यातून काय घेतात ते इतकं सरळ नाही. पण स्वतःहून एखादी गोष्ट करणारी माणसं आणि न करणारी माणसं मुळातच वेगळी असतात, हा धडा कायम आहे.

चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे ते यासाठीच. चिठ्ठीला कोण शिकलेलं, कोण श्रीमंत, कोण पथ्य पाळणारं हे माहीत नसतं.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांनी अंगावर झेललं आहे. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, प्रत्येकाच्या फोनवर 'प्लाझ्मा हवाय, बी पॉझिटिव्ह, तातडीने' असे मेसेज येत होते. प्लाझ्मा म्हणजे बरं झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव भाग, आणि त्यासाठी रात्री दोनला लोक दाते शोधत होते. बरं झालेला प्रत्येक रुग्ण प्लाझ्माने बरा झाला असं वाटायचं. जे गेले त्यांच्याबद्दल 'उशीर झाला' असं म्हटलं जायचं. या हिशोबात प्लाझ्मा कधी हरूच शकत नव्हता. त्याच धामधुमीत आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत प्लासिड नावाची चाचणी केली. मध्यम आजारी ४६४ रुग्ण घेतले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, २२९ जणांना नेहमीचे उपचार तेवढे. २८ दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू झाला असे रुग्ण प्लाझ्मा गटात ४४ होते, म्हणजे १९ टक्के. दुसऱ्या गटात ४१, म्हणजे १८ टक्के.

तुम्ही बी.कॉम. आहात, म्हणून इथे जरा थांबते. ४४ आणि ४१ मधला फरक नगण्य आहे, हे बघता क्षणी कळतं. पण यावरून 'प्लाझ्माचा उपयोग शून्य' असं लगेच म्हणता येईल का? नाही. ४६४ रुग्णांत मोठा फायदा लपू शकत नाही, छोटा फायदा मात्र लपू शकतो, कारण नुसत्या योगायोगानेच आकडे काही टक्के इकडे-तिकडे होतात. म्हणून ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीची वाट बघावी लागली. तिच्या प्लाझ्मा भागात ११,५५८ रुग्ण होते. २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. एवढ्या मोठ्या संख्येत छोटा फायदाही सहसा लपत नाही. मे २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला. त्याच रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं हेही दाखवलं. म्हणजे या पद्धतीने उपचार नुसते मोडीत काढले जात नाहीत, खरे उपचार सापडतातही.

योगायोग हा शब्द वर आलाच आहे, तर तो किती करामती करू शकतो हे बघायला पुण्यातलाच एक प्रयोग सांगते. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० जणांच्या पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणाची हे संख्याशास्त्र विभागात बंद राहिलं. पत्रिका पाठवणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे नकळत इशारा मिळायची शक्यता संपली. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका दिल्या आणि हुशार मूल कोणतं ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या.

१०२ म्हणजे निम्म्याहून जास्तच ना, असं कुणी म्हणेल. तुमचं विसरलेलं प्रमाण विचलन इथे कामाला येतं. २०० वेळा नाणं उडवलं तर सरासरी १०० छापे पडतील, आणि २०० गुणिले पाव याचं वर्गमूळ काढलं की प्रमाण विचलन सुमारे ७ येतं. त्याची दुप्पट, म्हणजे १४, दोन्ही बाजूंना धरली तर नुसत्या नाण्यालाही ८६ ते ११४ मधलं काहीही सहज मिळतं. १०२ त्यात अगदी मधोमध बसतं. यात आणखी एक खुबी आहे. त्या २७ जणांत सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४ होता. समजा, बातमीदाराने तेवढ्या एकाच ज्योतिष्यावर लिहिलं, '६० टक्के अचूक भाकित'. वाचणाऱ्याला ते बरंच वाटेल. पण २७ माणसांनी ४०-४० वेळा नाणं उडवलं, तर त्यांतले तीन-चार जण केवळ योगायोगाने २४ किंवा त्याहून वर जातात. किती जणांनी प्रयत्न केला हे लपवून फक्त पहिल्या आलेल्याला दाखवलं की योगायोगालाही ज्ञान म्हणून खपवता येतं. थिसिसमध्येही हेच होतं. वीस गोष्टी मोजायच्या, एकीत पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की तीच शीर्षकात घ्यायची. म्हणून एखादा निकाल वाचताना मी विचारते, यांनी अजून काय काय मोजलं होतं? आणि काय मोजणार हे आधी लिहून ठेवलं होतं का? आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधीच करावी लागते, आणि ती कुणालाही उघडून बघता येते. तुम्हीही बघू शकता.

टक्केवारीबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हाला लगेच जमेल. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० नी वाढले. दुप्पट म्हणजे काय, तर ७,००० बायकांत एकीच्या जागी दोघी. त्यात गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. 'दुप्पट', '३० टक्के कमी' असं काही वाचलं की आधी विचारायचं, मुळात किती होतं? आणि मग १,००० किंवा १०,००० माणसं डोळ्यांसमोर आणून मोजायचं. जर्मनीत सुमारे १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना मानसशास्त्रज्ञ गिगेरेंझर यांनी विचारलं होतं, की मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची एक्स-रे तपासणी, पॉझिटिव्ह आली तर खरंच कर्करोग असण्याची शक्यता किती? टक्क्यांत माहिती दिली तेव्हा २१ टक्के डॉक्टरांचं उत्तर बरोबर आलं. '१,००० बायकांपैकी १० जणींना कर्करोग, त्यातल्या ९ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९० पैकी ८९ जणीही पॉझिटिव्ह' अशी माणसं मोजायला शिकवल्यावर ८७ टक्क्यांचं आलं. पॉझिटिव्ह आलेल्या ९८ जणींमध्ये खरा कर्करोग ९ जणींना, म्हणजे दहात एकीला. बेरीज आणि भागाकार, दुसरं काही लागलं नाही.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर बातमी वाचताना माझ्या मनात प्रश्न साधारण या क्रमाने येतात. कोणाशी तुलना केली? गट कसे पडले, लोकांनी स्वतः निवडले की चिठ्ठीने? किती माणसं होती, आणि योगायोगाने एवढा फरक पडला असता का? किती गोष्टींतून ही एक उचलून दाखवली? मुळातला धोका किंवा मुळातला आकडा किती? यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांवरच निम्म्याहून जास्त बातम्या गळतात, हा माझा अनुभव आहे.

पण संख्याशास्त्र शिकलं की माणूस फसत नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १,१११ लोकांना एक छोटा तक्ता दिला. काहींना सांगितलं की हे आकडे त्वचेच्या मलमाचे आहेत, काहींना सांगितलं की ते बंदूकबंदीच्या कायद्याचे आहेत. आकडे तेच. मलमाच्या बाबतीत गणित चांगलं असलेल्यांनी बरोबर उत्तर काढलं. बंदुकीचा विषय आला तेव्हा त्याच हुशार लोकांनी आपल्या राजकीय मताला सोयीचं उत्तर असेल तर बरोबर काढलं, गैरसोयीचं असेल तर चुकवलं, आणि दोन बाजूंमधली दरी गणित चांगलं असलेल्यांमध्येच जास्त रुंद होती. हा निकाल मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते, कारण मलाही त्याची भीती वाटते. न आवडणाऱ्या दाव्याला आपण पाच प्रश्न विचारतो आणि आवडणारा दावा तसाच पुढे पाठवतो. तुम्हाला मेथीवर शंका आली, चांगलं झालं. पण तेवढेच प्रश्न गोळीच्या कंपनीने दिलेल्या आकड्यांनाही विचारायचे.

दुसरी मर्यादा म्हणजे आकडेच खोटे असले तर. मे २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात, कोरोनावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर ९६,००० रुग्णांचा अभ्यास आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही दिवस थांबवली. दोन आठवड्यांत तो अभ्यास मागे घ्यावा लागला, कारण मूळ डेटा कुणालाच दाखवला गेला नाही. पण शंका कुठून आली ते बघा. त्या अभ्यासात एप्रिलमधल्या एका तारखेपर्यंतचे ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांतले ७३ मृत्यू धरले होते, आणि तोवर संपूर्ण ऑस्ट्रेलियात नोंदलेले मृत्यू ६७ होते. मोठ्या सॉफ्टवेअरशिवाय ही विसंगती पकडली गेली. 'हा आकडा दुसऱ्या माहितीशी जुळतो का' असं विचारायची सवय असलेले लोक होते, म्हणून. ही सवय म्हणजेच मला अभिप्रेत असलेलं संख्याशास्त्राचं शिक्षण.

मग तुम्ही काय शिकावं? तुम्हाला संशोधन करायचं असेल तर गणितासह पूर्ण अभ्यासक्रम लागेल, त्याला पर्याय नाही. फक्त दावे पारखायचे असतील तर वेगळा रस्ता घ्या. संशोधनाची रचना, तुलना, नमुना आणि योगायोग एवढे विषय असलेला एखादा छोटा कोर्स करा. सूत्रांनी सुरू होणारा आत्ता नको. आणि त्याबरोबर आठवड्याला एक बातमी घेऊन तिचा मूळ अभ्यास शोधा. पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीवर सारांश फुकट वाचता येतो. त्यातून चार आकडे वहीत लिहा: उपचार मिळालेल्या गटात किती होते, त्यातल्या कितींना गुण आला, तुलनेच्या गटात किती होते, त्यातल्या कितींना. हे चार आकडे सारांशात सापडले नाहीत तर तेही लिहा. दोन-तीन महिन्यांत तुमची नजर बदलेल. माझ्याकडचे निवासी डॉक्टर याच पद्धतीने शिकतात, आणि कॉमर्सचे विद्यार्थी मला त्यांच्यापेक्षा लवकर तयार होताना दिसले आहेत, कारण हिशोब कुठे जुळत नाही हे हुडकायची त्यांना सवय असते.

काही गोष्टी मात्र तुम्हाला एकट्याने ठरवता येणार नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. एखाद्या अभ्यासातली मोजण्याची पद्धत योग्य होती का, तो निकाल तुमच्या वडिलांच्या वयाला आणि बाकीच्या आजारांना लागू होतो का, यासाठी त्या विषयाचा जाणकार लागतो. तुमच्या शिक्षणाने एवढं होईल की त्याला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आता वडिलांबद्दल. भावाने पाठवलेल्या बातमीत माणसं किती, दिवस किती, तुलना कोणाशी, यातलं काहीच नाही. मेथीवर चाचण्या झालेल्या आहेत, आणि काहींत उपाशीपोटीची साखर उतरल्याचं दिसलंही. पण त्या बहुतेक लहान आहेत, थोड्या काळाच्या आहेत, आणि प्रत्येकीत मेथीचं प्रमाण वेगळं आहे. तेव्हा 'मेथीत काही नाही' असं त्यांना सांगू नका, ते खरंही ठरणार नाही आणि ते ऐकणारही नाहीत. पण गोळी बंद करायला हा पुरावा पुरेसा नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही. मेथी घेतात हे डॉक्टरांना सांगायचं, कारण गोळी आणि मेथी दोन्हींनी मिळून साखर जास्त खाली जाण्याची शक्यता डॉक्टरांच्या लक्षात असायला हवी. एक वही करा. सकाळचा आकडा, आदल्या रात्रीच्या जेवणाची वेळ, फिरणं झालं की नाही, गोळी घेतली की नाही. वाईट दिवस आणि चांगला दिवस दोन्ही लिहायचे, गाळायचा एकही नाही. वडिलांनाच लिहू द्या. तीन-चार आठवड्यांत आकडा मुळातच किती वर-खाली होतो हे त्यांना स्वतःला दिसेल, आणि ते तुमच्या माझ्या सांगण्यापेक्षा जास्त पटेल. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे एखाद्या चांगल्या सकाळपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. मेथी सुरू करण्याआधीचा एचबीए१सीचा रिपोर्ट घरात सापडला तर त्याची तारीख आणि मेथी सुरू केल्याची तारीख मला कळवा. पुढची तपासणी नेमकी कधी करायची याबद्दल तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं, ते त्यावरून मी सांगेन.